पडद्यामागची शिरगणती
(जामखेड येथील व्याख्यानाचा संपादित अंश)



दूरचित्रवाणीवर काय दाखवायचे हे जाहिरातदाराच्या पैशावर ठरते आणि तो पैसा टीआरपीच्या आकड्यामागे धावतो. हा आकडा येतो कोणाच्या घरातून?

२०१५ पूर्वी ही मोजणी प्रामुख्याने शहरांपुरती होती. आपल्या तालुक्यातील चौंडी-खर्ड्याचे शेतकरी कुटुंब नित्य मालिका पाहत असले, तरी हिशेबात ते नव्हते. साहजिकच मालिकांतील घरेही शहरीच राहिली. ऑक्टोबर २०१५ पासून ‘बार्क’ या संस्थेने ग्रामीण प्रेक्षकांचे आकडे देण्यास आरंभ केला.

२०२० च्या अंदाजानुसार देशात २१ कोटी घरांत संच होते. मापनयंत्रे सुमारे ४४ हजार. म्हणजे एक घर पावणेपाच हजार घरांच्या वतीने बोलत होते. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे. पण शीतच फितवले तर? ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी अशाच आरोपावरून गुन्हा नोंदविला. पुढे २०२४ मध्ये तो खटला मागे घेण्यात आला. परंतु वृत्तवाहिन्यांचे आकडे मार्च २०२२ पर्यंत बंद राहिले.

शिवाय यंत्राला पाहणे कळते, पटणे कळत नाही. नावे ठेवत पाहिलेली मालिकाही पसंतीच्याच खात्यात जमा होते.

आपल्या घरी यंत्र नसेल, तर संच बंद करून आकडा हलणार नाही. तेथे लेखणीच उपयोगी. २०२१ च्या नियमांनुसार लेखी तक्रारीवर वाहिनीला १५ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. घरात केवळ चडफडण्यापेक्षा एक पत्र अवश्य लिहावे.