दाब ओळखणारी कळ कोणाच्या मालकीची?



साध्या कीबोर्डला एवढंच समजतं, की कळ दाबली गेली की नाही. दाब ओळखणाऱ्या कीबोर्डला ती किती जोराने दाबली हेही समजतं. अशा तंत्रावर हक्क कोणाचा, यावरून कंपन्या कोर्टात जातात.

२०१५ मध्ये ॲपलचा आयफोन ६ एस आला. त्याच्या पडद्यावरचा कीबोर्ड जोराने दाबला, की बोट फिरवून कर्सर हलवता येई. फेब्रुवारी २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या इमर्शन कंपनीने ॲपलवर दावा लावला. स्पर्शाला यंत्राने कंपनातून उत्तर द्यायच्या तंत्रावर तिची पेटंटं होती. जानेवारी २०१८ मध्ये तडजोड आणि परवाना करार होऊन वाद मिटला.

मुळात दाब ओळखणारी कळ जुनीच. कॅनडाच्या ह्यू ल केन यांनी १९४५ ते १९४८ या काळात ‘इलेक्ट्रॉनिक सॅकबट’ हे वाद्य घडवलं. त्याची कळ जोराने दाबली की आवाज वाढे, बाजूला ढकलली की सूर सरके. पुढे २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी दाब ओळखणाऱ्या संगणक-कीबोर्डवर एका परिषदेत शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याच परिषदेतल्या स्पर्धेसाठी विद्यार्थ्यांना तसे कीबोर्डही दिले.

म्हणून आज नुसत्या कल्पनेवर कोणाला मक्ता सांगता येत नाही. दाब मोजायची नवी रचना किंवा नवी पद्धत असेल, तर तेवढ्यापुरतं पेटंट मिळू शकतं. वादात पेटंटमधल्या दाव्याचा शब्द न् शब्द तपासला जातो, आणि त्या तारखेआधी जगात काय जाहीर होतं तेही. जुना, तारीख असलेला एखादा निबंध बड्या कंपनीचं पेटंटही रद्द करवू शकतो.

आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यातही हे बळ सामान्य माणसाला दिलेलं आहे. अर्ज प्रसिद्ध झाल्यावर, पेटंट मंजूर होण्याआधी, कोणीही त्याला लेखी विरोध करू शकतं. मंजूर झालेलं पेटंटही अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांनी संपतं आणि तंत्र सर्वांसाठी खुलं होतं.

इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. तुमचा प्रकल्प परीक्षेनंतर कपाटात पडू देऊ नका. पेटंट हवं असेल, तर आधी अर्ज करा, मगच तो जाहीर करा. नको असेल, तर रेखाटनांसह, तारीख घालून प्रसिद्ध करा. मग तुमच्या कल्पनेला दुसरा कोणी कुंपण घालू पाहील, तेव्हा त्याला अडवणारा पुरावा सर्वांच्या हाती असेल.