कुठे? कधी?

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला संगणकावर बोलायला सांगितले होते. पण गेल्या दिवाळीत घर आवरताना माझी नववीची निसर्गवही सापडली, म्हणून विषय बदलते.

वहीत खाडीकाठच्या तीन डहाळ्या चिकटवल्या आहेत: तिवर, काजळा आणि काटेरी पानांची मारांडी. शेजारी फक्त नावे, तीही वर्गातल्या एका वारली मैत्रिणीने सांगितलेली. खाली विज्ञानाच्या सरांची लाल शाई: "कुठे? कधी?" दहापैकी चार गुण. गुडघाभर चिखलात उतरून आणले आणि चारच गुण, म्हणून मी रडले होते.

त्याच सुट्टीत लेकीला मारांडी दाखवायला निघाले. मला आठवत होती ती जागा भरावाखाली गेली होती. लेक म्हणाली, "आई, नक्की इथेच होती का गं?" मी दोघींना फोन केला. एक म्हणाली नरपड, दुसरी म्हणाली डहाणूची खाडी. वही हातात होती, पण साक्ष देईना.

पुढे मुंबईला झेवियर्स कॉलेजातले ब्लाटर हर्बेरियम पाहण्याचा योग आला. फादर ब्लाटर यांनी १९०५ साली मुंबई इलाख्यातल्या कांदळवनावर लेख लिहिला, आणि १९०६ साली हा संग्रह सुरू झाला. आज तिथे लाखाहून अधिक नमुने आहेत. वाळलेली डहाळी तपकिरीच दिसते. मोल आहे ते चिठ्ठीला. स्थळ, दिनांक, गोळा करणाऱ्याचे नाव, फुलाचा रंगसुद्धा, कारण मारांडीचे निळे-जांभळे फूल वाळल्यावर निळे राहत नाही. जागा बुजली तरी झाड तिथे होते, हे तो कागद सांगतो.

आपला डहाणू तालुका १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला. इथे काय उगवत होते हे आपण लिहिले नाही, तर कोण लिहिणार?

म्हणून एक सुचवते. शाळेतल्या मुलांना घेऊन असा संग्रह सुरू करू. ओहोळाकाठच्या निर्गुडीची डहाळी वर्तमानपत्रात दाबायची, कागद रोज बदलायचा. कांदळवन संरक्षित आहे, तिथे काही तोडायचे नाही, फोटो काढायचा. प्रत्येकाखाली स्थळ, दिनांक, वारली आणि मराठी नाव, आणि नाव सांगणाऱ्याचेही नाव. माझ्या वहीत माझ्या मैत्रिणीचे नाव नव्हते. ती आज समोर बसली आहे. बाई गं, चूक माझी.

सर, निर्गुडीचे एक नवे पान करून आणले आहे. स्थळ, दिनांक लिहिले आहे. तपासून द्यावे.