मनाच्या आजारालाही सरकारी दवाखान्याचे दार उघडे हवे
(युसूफ वडगाव येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)





शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून दवाखान्याची गोष्ट कशाला, असे काहींना वाटेल. परंतु ज्या घरात बाप दारूच्या आहारी गेला आहे, किंवा आई महिनोन्‌महिने कोणाशी न बोलता कोपऱ्यात बसून आहे, त्या घरातील मुलाची शाळा आधी सुटते. फी माफ केली, पुस्तके फुकट दिली, तरी ते मूल वर्गात टिकत नाही. म्हणून हा प्रश्न शिक्षणाचाच आहे.

ताप आला की आपण दवाखाना गाठतो. मन आजारी पडले की आधी लपवतो, मग बाहेरची बाधा म्हणतो, ताईत बांधतो आणि शेवटी दर्ग्यावर नेऊन बसवतो. दुआ जरूर करावी. पण दवा सोडून नव्हे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी या दर्ग्याच्या गावी मनोरुग्णांच्या एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ जण जळून मेले. याउलट गुजरातमधील उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात ‘दवा आणि दुआ’ हा उपक्रम झाला. तेथे आवारातच मानसोपचाराचे डॉक्टर बसू लागले. यात नवल नाही. सुलतान कलावूनने १२८४ च्या सुमारास कैरोत उभारलेल्या शिफाखान्यातही मनोरुग्णांसाठी स्वतंत्र जागा होती.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून अमलात आला. सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून मानसोपचार मिळणे हा त्याने प्रत्येकाचा हक्क ठरवला. रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली. दारू व अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकारही त्याने मानसिक आजारांत धरले. म्हणजे व्यसनी माणूस हा कायद्याने रुग्ण आहे; केवळ वाया गेलेला नव्हे.

मग उपचार का पोहोचत नाहीत? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आढळले की दारूच्या विकाराने ग्रस्त असलेल्या शंभरांपैकी सुमारे ८६ जणांना उपचार मिळत नव्हते. याची कारणे व्यवस्थेत आहेत. प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेच्या यादीत मानसिक आजार आहेत. पण ती योजना मुख्यतः दवाखान्यात भरती होणाऱ्यासाठी आहे. मनाच्या बहुतेक आजारांत भरतीची गरजच नसते. गरज असते ती दर महिन्याच्या गोळ्यांची, समुपदेशनाची आणि पुन्हा पुन्हा तपासणीची. तो खर्च घरावरच पडतो. शिवाय मनोरुग्णांचा उपचार आरोग्य खात्याकडे, तर व्यसनमुक्ती केंद्रांचे अनुदान बरेचसे सामाजिक न्याय खात्याकडे. एकाच माणसाला दोन्ही दुखणी असली तर त्याने कोणते दार ठोठवावे?

कायद्याप्रमाणे यादीतील औषधे मोफत मिळायची ती ग्रामीण रुग्णालयापासून वर. आंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे, ही आपली मोठी सोय. पण गोळ्यांसाठी दर महिन्याला एक मजुरी बुडवणे गरिबाला परवडत नाही. त्यातून आपला बीड जिल्हा ऊसतोड कामगारांचा. दिवाळीच्या आसपास टोळी कारखान्यावर गेली की अर्धे वर्ष घराला कुलूप. त्यात चालू असलेला उपचार तुटतो आणि आजार उलटतो.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. पहिली, ही औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रातच मिळावीत. दुसरी, ठरलेल्या वारी तेथे समुपदेशक बसावा आणि व्यसनाचा रुग्णही त्याने तपासावा. तिसरी, ऊसतोडीला जाणाऱ्या रुग्णाला पुरेशी औषधे व उपचारपत्र मिळावे आणि ते पत्र कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यातही चालावे. ग्रामसभेत हे ठराव मांडणे आपल्या हाती आहे.

पालकांना एक कळकळीची विनंती. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकी तोडून त्याला खोलीत कोंडू नका. दोन-तीन दिवसांत झटके येतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. दारू सोडवायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली. आणि सुटल्यावर पुन्हा एकदा प्यायला, तर सारे फुकट गेले असे समजू नका; मधुमेहाची साखर पुन्हा वाढली म्हणून आपण औषध बंद करत नाही. पुण्याचे मुक्तांगण केंद्र १९८६ पासून हेच काम करत आहे.

विद्यार्थी मित्रांनो, झोप उडाली, अभ्यासात मन लागेना, जगणे नकोसे वाटू लागले, तर ते गुरुजींना, आई-वडिलांना, एखाद्या जिवलग मित्राला सांगा. २०२२ साली सुरू झालेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. व्यसनासाठी १४४४६ आहे. दोन्ही क्रमांक शाळेच्या फळ्यावर कायम लिहिलेले असावेत, अशी मी मुख्याध्यापकांना विनंती करतो.

पाय मोडलेल्या मुलाला आपण खांद्यावर घेऊन दवाखान्यात नेतो. मन मोडलेल्यालाही तसेच न्यावे, आणि तेथे त्याला औषध मिळावे, एवढेच मागणे आहे.