धूळ कुणाच्या वाट्याला?
(निरवांगी येथील व्याख्यानाचा संक्षेप)



दम्याचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास कानी पडतात. ‘आमच्याकडची हवाच सोसत नाही’ असे रोगी म्हणतो आणि ‘धुळीपासून जपा’ असे डॉक्टर सांगतात. दोन्हींत तथ्य आहे. परंतु हवा कोणती, धूळ कसली आणि जपायचे कोणी, हे विचारल्यावाचून पुढे जाता येत नाही.

दमेकऱ्याच्या श्वासनलिका आतून सुजलेल्या असतात. थंड हवा, धूर वा धूळ यांचे निमित्त होताच त्यांभोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ साचतो आणि आत घेतलेला श्वास बाहेर टाकणे जड जाते. म्हणूनच पहाटेच्या गारठ्यात धाप अधिक लागते.

इंदापूर तालुका पर्जन्यछायेतला. येथील हवा वर्षाचा बराच काळ कोरडी असते, आणि ही गोष्ट एका परीने उपकारकच आहे. घरातील धुळीत कोळ्याच्या जातीचा, डोळ्यांना न दिसणारा एक सूक्ष्म जीव वाढतो. आपल्या अंगावरून झडणाऱ्या कातडीच्या कोंड्यावर तो जगतो. त्याच्यामुळे पुष्कळांचा दमा उसळतो, हे डच संशोधकांनी १९६४ च्या सुमारास दाखवून दिले. पाणी तो हवेतील ओलाव्यातून शोषतो. कोरड्या हवेत त्याचा निभाव लागत नाही. परंतु पावसाळ्यात, अंगाच्या उबेने आणि घामाने दमट राहिलेल्या गोधड्यांत त्याला हवे ते सारे मिळते. नवरात्राच्या आधी घरातील झाडून साऱ्या वाकळा-गोधड्या नदीवर नेऊन धुण्याची आणि उन्हात कडक वाळविण्याची आपली रीत म्हणूनच शास्त्राला धरून आहे. मात्र त्या धुण्यासाठी पाणी लागते, आणि १८८५ साली सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याच्या शेपटाकडील लोकांना पाण्याविषयी मी काय सांगावे!

शिवाय त्या गोधड्या झटकते कोण? केर काढते कोण? दमेकरी बाईला ‘धुळीत जाऊ नका’ असे सांगणाऱ्याने तिच्या हातची केरसुणी कोण घेणार, हेही सांगितले पाहिजे. ओल्या फडक्याने पुसून घेतल्यास धूळ उडत नाही. हे काम पुरुषांनाही जमण्यासारखे आहे.

तीच गोष्ट चुलीची. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, सिलिंडर घरात आला. पण तो पुन्हा भरून आणण्याइतके पैसे हाती नसले की तुराट्या, बाभळीचे सरपण आणि गोवऱ्या पेटतात. चुलीच्या धुराने दमा तर बळावतोच, परंतु कधी विडीला न शिवलेल्या बायकांची फुप्फुसेही कायमची निकामी होतात. गावात या दोन्ही दुखण्यांना ‘धाप’ असा एकच शब्द असल्याने दुसऱ्याचे निदान फार उशिरा होते.

घराबाहेर आलो तर उसाचा पट्टा. तोडीआधी फड पेटविला, किंवा तोडीनंतर पाचट जाळले, की काजळी गावभर पसरते. पाचट न जाळता शेतातच कुजविले तर जमिनीचाही फायदा होतो, हे शेतकऱ्याला ठाऊक आहे. पुढचे पीक घेण्याची घाई त्याला काडी लावायला भाग पाडते. त्या काजळीत सर्वांत जवळ असतो तो बीडकडून आलेला तोडकरी. तो राहतो पालात, निजतो जमिनीवर आणि त्याची पोरे थंडीत शेकोटीभोवती झोपतात. उशीला अभ्रा घाला, हा सल्ला त्याच्या पालात कसा पोहोचावा? कालव्याच्या काठी माजलेले गाजरगवतही दमेकऱ्याचे वैरी. १९५५-५६ च्या सुमारास ते पुण्यात प्रथम नोंदले गेले आणि परदेशी गव्हातून आले असे मानतात. गव्हाबरोबर धापही आयात झाली म्हणायची.

तथापि हवेला सारा दोष देण्यापूर्वी एक आकडा पाहावा. २०१९ च्या जागतिक रोगभाराच्या अंदाजांनुसार जगातील दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत. दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी मात्र सुमारे ४२ टक्के भारतात होतात. ही तफावत नुसत्या धुळीने पडत नाही. सूज आवरणारे औषध पंपातून रोज घेतले तर बहुतेक दमेकरी कामधंदा करून जगू शकतात. आपल्याकडे ‘पंपाची सवय लागते’ या भीतीने लोक तो टाळतात, धाप लागली की गोळी किंवा इंजेक्शन घेतात आणि मृग लागला की जिवंत माशाच्या तोंडून औषध गिळण्यासाठी हैदराबादची वाट धरतात. त्या रांगेला हसणे सोपे आहे. पण महिन्याच्या महिन्याला पंप विकत घेणे मजुराला परवडत नाही, आणि माशाचे औषध फुकट मिळते.

आता या दोन औषधांची नावे लक्षात ठेवा. सालब्युटामॉल धाप तात्काळ सैल करते, ब्युडेसोनाइड सूज आवरते. दोन्ही २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. ती आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बारमाही मिळतात काय, ओढायची कशी हे कोणी शिकविते काय, आणि गळिताच्या हंगामात तोडकऱ्यांच्या पालांवर आरोग्यसेविका ती घेऊन जाते काय, हे तीन प्रश्न येत्या ग्रामसभेत लेखी द्यावेत आणि उत्तरही लेखीच मागावे.