अल्पमोली, बहुगुणी शाईपेन

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या भाषणाची संहिता)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावर शाईपेनासारखा किरकोळ विषय कशासाठी, असा प्रश्न सभागृहात उमटणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर या सभागृहातच बसलेले आहे. शाळेच्या आरंभीच्या तुकड्यांतील विद्यार्थ्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर कधीकाळी शाईचा डाग होता. त्यांचे अक्षर घडले ते ज्या पेनाने, त्याची किंमत घरातल्या महिन्याच्या खर्चात सहज सामावत असे. आज त्यांच्या नातवंडांच्या दप्तरात पाच-सहा बॉलपेने असतात, परंतु शाईपेन क्वचितच दिसते. ‘चांगले शाईपेन महाग असते आणि स्वस्त असते ते गळते,’ ही समजूत घरोघर रुजली आहे. ती कितपत खरी आहे, हे तपासण्यासारखे आहे.

प्रथम पेन लिहिते कसे ते पाहू जाता, त्यात गूढ असे फारसे काही उरत नाही. पेनाच्या नळीतील शाई आपल्या वजनाने खाली येऊ पाहते. पण शाई बाहेर पडली की तिची जागा घ्यायला हवा आत गेली पाहिजे. हवा आत गेली नाही तर पेन अडते आणि बेसुमार गेली तर डाग पडतो. या दोहोंचा तोल निबेखालचा खाचा पाडलेला तुकडा सांभाळतो. त्याला ‘फीड’ म्हणतात. त्याच्यावरील बारीक पन्हळीतून शाई पुढे सरकते आणि त्याच वाटेने हवा मागे जाते. अशा पन्हळींचे फीड असलेल्या पेनाचे पेटंट न्यूयॉर्कच्या लुइस वॉटरमन यांनी १८८४ साली मिळवले आणि शाईपेन भरवशाचे झाले. पुढचे काम निबेच्या मधल्या फटीचे. दिव्याची वात तेल ओढून घेते तशी ही केसाएवढी फट शाई टोकापर्यंत ओढून नेते. टोक कागदाला टेकताच कागद ती शोषून घेतो. म्हणजे लिहिण्याचे काम हाताच्या दाबाने होत नाही. दाब द्यावा लागतो तो बॉलपेनला, कारण त्याची शाई दाट असते आणि गोळी कागदावर फिरवावी लागते.

हे लक्षात घेतले म्हणजे चांगल्या पेनाला नेमके काय लागते ते ठरते. निबेची फट सरळ असावी, तिच्या दोन्ही पात्या एका पातळीत असाव्यात, टोक गुळगुळीत असावे आणि फीड निबेला नीट चिकटलेले असावे. यांपैकी एकही गोष्ट सोन्याची किंवा लाखेच्या नक्षीची मागणी करीत नाही.

मग पूर्वीच्या उत्तम पेनांना सोन्याची निब का असे? त्यालाही कारण होते. जुनी टिकाऊ शाई लोहक्षार आणि मायफळासारख्या द्रव्यांतील टॅनिन यांपासून बनत असे व ती आम्लधर्मी होती. साध्या पोलादाची निब तिच्या संगतीत गंजून जाई. सोने मात्र आम्लाला दाद देत नाही, म्हणून ते वापरले गेले. सोने मऊ असल्याने टोकाला प्लॅटिनम-कुळातील कठीण धातूचा कण जोडावा लागे आणि त्यामुळेच निबेवर ‘इरिडियम’ हा शब्द कोरलेला दिसे. पुढे न गंजणारे पोलाद आले, रंगद्रव्यांच्या सौम्य शाया आल्या आणि सोन्याची गरज संपली. कठीण टोक पोलादी निबेलाही जोडता येते. तीच गोष्ट फीडची. पूर्वी ते एबोनाइटमध्ये, म्हणजे गंधक मिसळून कठीण केलेल्या रबरात, एकेक कापून घडवावे लागे. आता साच्यात प्लॅस्टिक ओतून सूक्ष्म खाचांचे फीड हजारोंच्या संख्येने एकसारखे निघते. ज्या दोन भागांवर लेखन अवलंबून असते, तेच दोन्ही भाग स्वस्त झाले. शे-दीडशे रुपयांचे पेन आज आश्चर्य वाटावे इतके सुरळीत लिहिते त्याचे रहस्य एवढेच आहे. त्याहून अधिक मोजलेला पैसा बहुतांशी टोपणावर, कड्यांवर, झिलईवर आणि नावावर खर्च होतो. ती हौस वाईट नव्हे, परंतु अक्षराशी तिचा संबंध अल्प आहे.

आपल्या देशात स्वस्त आणि चांगल्या लेखनसाहित्याची कथा स्वदेशीच्या चळवळीशी निगडित आहे. त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली गोदावरी समुद्राला मिळण्यापूर्वी आंध्रातील राजमहेंद्रीला वळसा घालते. त्या गावी के. व्ही. रत्नम यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी देशी शाईपेने घडवायला सुरुवात केली. त्यांनी केलेले पेन अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या जे. सी. कुमारप्पा यांच्यामार्फत महात्मा गांधींकडे पोचले. गांधीजींनी ते वापरून पाहिले आणि बाजारातील परदेशी पेनांना हा चांगला पर्याय आहे, अशा आशयाचे पत्र जुलै १९३५ मध्ये वर्ध्याहून रत्नम यांना धाडले. त्या पत्रात प्रशंसेची अतिशयोक्ती नाही. वस्तू वापरली, काम देते, एवढाच निर्वाळा आहे, आणि कारागिराच्या दृष्टीने तोच मोलाचा.

शाईची कथाही याच काळातील. १९३१ साली मुंबईत गिरगावात दिगंबर परशुराम दांडेकर यांनी आपल्या बंधूंच्या साह्याने शाईची पूड आणि वड्या बनवण्याचा उद्योग आरंभला. छाप होती घोड्याची. पुढे उंटाच्या छापाची फाउंटन पेनची शाई आली आणि ‘कॅमल’ व ‘इंक’ या दोन शब्दांपासून ‘कॅमलिन’ हे नाव जन्मले. मराठी माणसाने सुरू केलेल्या या कारखान्याची शाई, कंपासपेटी आणि पेने देशभरच्या शाळांतून पोचली. तिकडे बंगालमध्ये १९३४ साली राजशाही येथे मैत्र बंधूंनी ‘सुलेखा’ शाई काढली. कोलकात्याच्या जादवपूर भागातील एक चौक आजही त्या नावाने ओळखला जातो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस बंद पडलेला हा कारखाना २००६ साली पुन्हा सुरू झाला. गरीब विद्यार्थ्याच्याही दौतीत देशी शाई असावी, ही या उद्योगांमागची प्रेरणा होती.

सर्वच उद्योगांच्या नशिबी पुनरागमन नव्हते. तामिळनाडूतील सात्तूर हे गाव एकेकाळी पेनाच्या निबांसाठी प्रसिद्ध होते. घरगुती कारखान्यांतून निबा कापल्या जात, वाकवल्या जात, घासल्या जात. बॉलपेनचा प्रसार झाला तसा हा धंदा ओसरला. गावोगावच्या लेखनसाहित्याच्या दुकानांत निब बदलून देणारे, थोड्या पैशांत ड्रॉपरने शाई भरून देणारे हातही त्याचबरोबर दिसेनासे झाले. पेन बिघडले की दुरुस्त करायचे ही सवय मोडली आणि टाकून द्यायचे ही सवय लागली.

बॉलपेनला दोष देण्याचे कारण नाही. ते कुठल्याही कागदावर लिहिते, प्रवासात गळत नाही, कार्बनच्या प्रतीसाठी तर तेच हवे. मोठ्यांच्या धावपळीत त्याची उपयुक्तता निर्विवाद आहे. प्रश्न आहे तो अक्षर घडण्याच्या वयाचा. दाब देऊन लिहिण्याची सवय लागलेले मूल पेन घट्ट आवळते, अंगठ्याचे पेर वाकवते, आणि दोन पाने लिहून झाली की हात झटकू लागते. शाईपेन दाब सहन करीत नाही. दाबले की निबेच्या पात्या फाकतात व रेघ बिघडते. म्हणून ते मुलाला सैल धरायला, ठरावीक कोनात टेकवायला आणि शिरोरेषा एका ओघात ओढायला भाग पाडते. हे शिक्षण शिक्षकाच्या शंभर सूचनांनी होत नाही, ते पेनच देते.

पालकांचा अनुभव मात्र निराळा असू शकतो, आणि स्वस्त पेनाविषयीच्या तक्रारी खोट्या नाहीत. त्यांची कारणे ठाऊक असली की बहुतेक तक्रारी घरीच मिटतात.

पेन अचानक ठिपका सोडते, ही पहिली तक्रार. ड्रॉपरने थेट नळीत शाई भरायच्या पेनात हे विशेष घडते, आणि तेही शाई संपत आली असता. हाताच्या उबेने नळीतील हवा प्रसरण पावते व ती शाईला बाहेर लोटते. नळीत शाई जितकी कमी तितकी हवा अधिक. म्हणून अशा पेनात शाई तळाला जाऊ न देता वेळीच भरावी आणि आट्यांवर सिलिकॉन ग्रीसचा हलका हात द्यावा.

पेन सुरू होत नाही, ही दुसरी. टोपण उघडे राहिल्याने टोकावरची शाई वाळलेली असते. ओल्या फडक्याने टोक पुसले की काम होते. महिन्यातून एकदा निब व फीड साध्या थंड पाण्याने, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावे. चित्रकलेची जलरोधक काळी शाई मात्र पेनात कदापि भरू नये, ती आत वाळून बसली की फीड निकामी होते.

निब कागद ओरबाडते, ही तिसरी. बहुधा टोकाच्या दोन पात्या वरखाली झालेल्या असतात. भिंगातून पाहिल्यास ते दिसते आणि नखाने हलकेच दाबून पाती सारखी करता येते. पेन घेतानाच दुकानात शाईत बुडवून चारही दिशांनी रेघा ओढून पाहाव्यात, म्हणजे हा त्रास मुळातच टळतो.

शाई कागदावर फुटते, ही चौथी. हा दोष पुष्कळदा वहीचा असतो. विरविरीत कागदासाठी बारीक निब घ्यावी. डावखुऱ्या मुलांचा तळहात ओल्या अक्षरांवरून सरकतो. त्यांनाही बारीक निबेचा व लवकर वाळणाऱ्या शाईचा उपयोग होतो, शिवाय वही किंचित तिरपी ठेवली की हात ओळीच्या खाली राहतो.

खर्चाचा हिशेबही मांडून पाहण्याजोगा आहे. शाईची बाटली बहुधा ६० मिलिलिटरची असते. पेनात २ मिलिलिटर शाई मावते असे धरले तर एका बाटलीत ३० वेळा पेन भरते. पेन वर्षानुवर्षे टिकते, बदलावी लागलीच तर निब. महिन्याकाठी रिकाम्या होऊन कचऱ्यात जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या कांड्यांशी याची तुलना प्रत्येक घराने आपापली करावी.

आता या विषयाचा शाळेशी असलेला खरा संबंध. महाराष्ट्राबाहेर मराठी माध्यमाची शाळा चालते तेव्हा मुलाला मराठी ऐकू येते घरात, आणि मराठी लिहावी लागते ती जवळजवळ केवळ शाळेच्या वहीत. दुकानाची पाटी, बसवरचा फलक, शेजाऱ्याची चिठ्ठी, यांची भाषा दुसरी असते. भ्रमणध्वनीवर मराठी संदेश पुष्कळदा रोमन अक्षरांतच जातात. अशा परिस्थितीत ‘ळ’चे वळण, ‘ऱ्य’मधील अर्धा ‘र’, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांची घडण जपली जाते ती हाताने लिहिण्यातच. जे मूल लिहिण्याला कंटाळते ते कालांतराने त्या लिपीला कंटाळते. लिहिणे सुखाचे झाले तर मूल एखादे पान अधिक लिहील, आजीला पत्र लिहील, दैनंदिनी ठेवील. सुखाने लिहिणारे पेन शे-दीडशे रुपयांत मिळत असेल, तर ही आशा खर्चाअभावी सोडण्याचे कारण राहत नाही.

यासाठी मोठ्या योजनेची आवश्यकता नाही. पेन्सिल सुटण्याच्या इयत्तेत पालकांनी मुलाला एक साधे शाईपेन द्यावे आणि पहिला महिना ते भरण्या-धुण्याला स्वतः सोबत बसावे. माजी विद्यार्थ्यांनी वर्गावर्गात शाईची एकेक बाटली, ड्रॉपर, टीपकागद आणि काही सुट्या निबा असलेली पेटी द्यावी. देणगीच्या फलकावर तिचे नाव लागणार नाही, तरी रोज ती उपयोगी पडेल. ज्यांच्या घरी आजोबांचे जुने पेन कपाटात पडले आहे त्यांनी ते पाण्यात भिजवून, धुऊन पाहावे. त्यांतील पुष्कळ पेने अजून लिहितात. आणि शाळेजवळच्या दुकानदाराकडे शाईपेन मागावे, कारण मागणी असेल तेवढेच तो ठेवतो, आणि राजमहेंद्रीपासून मुंबईपर्यंत आज जे थोडे कारागीर व कारखाने ही पेने व शाई बनवीत आहेत त्यांचा निर्वाह त्याच मागणीवर आहे.

साठ वर्षांत शाळेने मुलांना अक्षरओळख दिली. ते अक्षर पुढील तुकड्यांच्या हातून आनंदाने उतरत राहावे, यासाठी लागणारे साधन स्वस्त आहे आणि बाजारात उपलब्ध आहे. ते येत्या जूनमध्ये दप्तरात घालणे एवढेच काम घरोघरच्या पालकांकडे उरले आहे.