तिकीट अर्धं, दिवस पुरा



मध्यंतरी आमच्या गटाच्या बैठकीला बारापैकी सातच जणी आल्या. बाकीच्या कुठं? तर तालुक्याला, बँकेत. लाडक्या बहिणीचे 1500 जमा झाल्याचा मेसेज आला होता ना!

पुढच्या बैठकीत आम्ही त्या जाण्याचा हिशेबच वहीत मांडला. कुणाला बोल लावायला नाही, दर महिन्याला आम्हीही जातच होतो. मार्च 2023 पासून एसटीला आपल्याला अर्धं तिकीट, म्हणून जाणं फुकटच वाटतं. आमच्या गावाहून जाऊन-येऊन 40 रुपये. चहा-वडापाव 30. पोरं वाट बघत असतात, त्यांचा खाऊ 20. झाले 90. एक काकू म्हणाल्या, "एवढंच ना!" तेवढ्यात दुसरी म्हणाली, "आणि त्या दिवसाचा रोज?" कांद्याची लागवड चालू होती, रोज 300. बँकेत रांग, दुपारची गाडी चुकली की घरी यायला दिवेलागण. तिकीट अर्धं, पण दिवस पुराच जातो. एकूण 390. म्हणजे 1500 आणायला गेलो आणि पदरात पडले 1110. असं बारा वेळा केलं तर 4680 रुपये. आकडा आम्ही दोनदा करून बघितला.

मग दर महिन्याला जायचंच कशाला? खरं कारण भीती. पैसे परत जातील, बँक कापून घेईल. जनधन खात्यात किमान शिल्लक ठेवायची अटच नाही. दुसरं खातं असेल तर एकदा विचारून घ्या. ज्यांची नड नाही, त्यांनी तीन महिन्यांनी जायचं ठरवलं. वर्षाला चारच फेऱ्या, 3120 वाचतात.

ज्यांना दर महिन्याला लागतातच, त्यांनी गावातल्या बँक सखीकडं जावं. खातं आधारला जोडलेलं असेल तर अंगठ्यावर पैसे मिळतात. कामानं बोटं झिजतात, अंगठा उठत नाही, मग आपण वैतागून परत येतो. हात स्वच्छ धुवा, पुसा, दुसरं बोट लावून बघा. आणि एक गोष्ट पक्की: पावती घेतल्याशिवाय उठायचं नाही. "व्यवहार झाला नाही, पुन्हा अंगठा लावा" असं म्हटलं, तर त्या न झालेल्या व्यवहाराचीही पावती मागा आणि शिल्लक बघा. ओळखीची असली तरी मागा, तिलाही राग येत नाही.

हे सगळं ठरलं, तर आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "बाई, महिन्यातून तेवढाच माझा गावाबाहेर पाय पडतो. तोही बंद करता का?"

यावर आमच्याकडं उत्तर नव्हतं. चारचौघींत बसून गाडीत बोलणं, बाजारातून बांगड्या बघत हिंडणं, याचा रोज कोण लावणार? शेवटी मावशींनीच तोड काढली. बँकेसाठी नाही जायचं, बाजारासाठी जायचं. काम नसेल असा दिवस बघून, सगळ्यांनी मिळून. येत्या अमावस्येला आमच्याकडं शेतात कुणी कामाला बोलवत नाही. त्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही बाराच्या बारा जणी निघणार आहोत.