सड्यापासून संगमापर्यंत : कर्लीच्या खोऱ्याचे नियोजन



मालवण तालुक्यातील देवबाग हे गाव नकाशावर पाहिले तर त्याला गाव म्हणावे की वाळूची रेघ, असा प्रश्न पडतो. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदीची खाडी आणि मध्ये तारकर्लीपासून दक्षिणेकडे उतरत गेलेली चिंचोळी पट्टी. या पट्टीवर माडांच्या बागा आहेत, घरे आहेत, देवळे आहेत आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत उभी राहिलेली पर्यटकांची निवासस्थानेही आहेत. पावसाळ्यात उधाणाच्या दिवशी एका बाजूने समुद्र अंगणात येतो आणि दुसऱ्या बाजूने खाडी तट खाते. 2009 च्या नोव्हेंबरात ‘फयान’ आले, 2021 च्या मे महिन्यात ‘तौक्ते’ आले. अशा प्रत्येक वेळी किनाऱ्यावर दगडी धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी होते. मागणी रास्तच आहे. ज्याचे घर जात आहे, त्याला खोऱ्याच्या नियोजनाचे तत्त्वज्ञान ऐकवणे हा निर्दयपणा होईल.

परंतु देवबागची वाळू आली कुठून, हा प्रश्न तरीही विचारावा लागतो. वाळूची अशी पट्टी म्हणजे नदी आणि समुद्र यांच्या देवघेवीची जमाखर्चाची वही होय. सह्याद्री झिजतो, नदी ती झीज खाली आणते, समुद्राच्या लाटा आणि प्रवाह तिला मुखाशी रचतात, काही पुन्हा उचलून नेतात. जमा कमी झाली किंवा खर्च वाढला की तीर मागे सरकतो. इजिप्तमध्ये 1970 साली आस्वानचे मोठे धरण पूर्ण झाले आणि नाईलचा गाळ धरणात अडला. त्यानंतर नदीच्या मुखाशी, शेकडो किलोमीटर दूर, समुद्राने किनारा कुरतडला. कर्लीवर आस्वान नाही. पण जमाखर्चाचा नियम लहान नदीलाही तोच आहे, आणि देवबागच्या वहीतील जमेची पाने सह्याद्रीच्या पायथ्याशी लिहिली जातात.

कर्ली ही लांबीने लहान नदी. रांगणा आणि मनोहर-मनसंतोष या गडांच्या परिसरातील सहा-सातशे मीटर उंचीच्या कड्यांपासून देवबागचा संगम सरळ रेषेत पन्नास किलोमीटरही नाही. कुडाळच्या परिसरात तिला भंगसाळ म्हणतात. पुढे नेरूरपार, वालावल करीत ती खाडी होते. या एवढ्याशा अंतरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जुलैत कुडाळ पाण्याने वेढले जाते आणि एप्रिलमध्ये त्याच खोऱ्यातल्या वाडीवर टँकरची वाट पाहावी लागते. घाटावरच्या माणसाला हे कोडे वाटते. कोकणी माणसाला मात्र ठाऊक आहे की इथे पाणी पडण्यापेक्षा थांबण्याची अडचण मोठी.

ते थांबवण्याची व्यवस्था निसर्गाने केलेली होती. तिचे नाव सडा. जांभ्या दगडाचे हे उघडे, सपाट पठार पावसाळ्यात चार महिने हिरवे आणि फुलांचे, आणि उरलेले आठ महिने करपलेले दिसते. महसुली दप्तरात त्याची नोंद ‘पोटखराबा’ अशी असते, म्हणजे निरुपयोगी. वस्तुतः जांभा हा सच्छिद्र दगड आहे. पावसाचे पाणी त्यातून झिरपते, खालच्या चिकण मातीच्या थरावर अडते आणि सड्याच्या पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. कोकणातली जुनी वाडी नेमकी त्या झऱ्याच्या खाली वसलेली असते. विहीर, पाट, माड-पोफळीची बाग, खालचे भाताचे कुणगे ही सारी रचना त्या ‘निरुपयोगी’ सड्याच्या जिवावर उभी आहे. मालवण तालुक्यातील कुडोपीच्या सड्यावर तर आपल्या पूर्वजांनी कातळशिल्पे कोरून ठेवली आहेत. कोकणातील कातळशिल्पांच्या ज्या स्थळांचा 2022 साली ‘युनेस्को’च्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत समावेश झाला, त्यांत कुडोपी आहे. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाला सडा मोलाचा वाटला, आणि सातबारा मात्र त्याला खराबा म्हणतो.

घाटावरचे पाणलोटाचे यशस्वी प्रयोग इथे जसेच्या तसे आणणे म्हणूनच योग्य नाही. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार यांचे ऋण महाराष्ट्रावर आहे. पण तिथला पाऊस तीन-चारशे मिलिमीटर, इथला त्याच्या सात-आठ पट. तिथे उतारावर सलग समतल चर खणले की पाणी मुरते. इथे तीव्र उतारावर, जांभ्याखालच्या मऊ मातीवर बेहिशेबी चर खणले तर डोंगरच सरकण्याची भीती. कर्लीच्या खोऱ्यात चर खणण्याआधी कोणता झरा कोणत्या सड्याच्या पाण्यावर जगतो, याचा शोध घेतला पाहिजे. तसा एक नकाशा हाती असला तर चिरेखाणीला कुठे परवानगी द्यावी आणि कुठे देऊ नये, हे तहसीलदारालाही कळेल. आज ते कागदावर कुठेच दिसत नाही, म्हणून खाण झऱ्याच्या डोक्यावरच पडू शकते.

आता नदीबद्दलच्या दोन तक्रारींकडे वळू. खाडीकाठचा मच्छीमार सांगतो की खाडी गाळाने भरली, होडी रुतते, मुळे आणि तिसऱ्या पूर्वीसारख्या मिळत नाहीत. त्याच वेळी किनाऱ्यावरचा माणूस सांगतो की वाळू राहिली नाही. एकाच नदीवर गाळ फार झाला आणि वाळू कमी पडली, हे दोन्ही एकाच वेळी कसे खरे असेल? म्हणूनच अनेकदा कार्यालयांत या दोन्ही तक्रारी अतिशयोक्ती म्हणून बाजूला सारल्या जातात. प्रत्यक्षात दोन्ही खऱ्या असू शकतात, कारण गाळ आणि वाळू या दोन निराळ्या वस्तू आहेत. डोंगरउतारावरची झाडी यंत्राने साफ करून एकजात काजूची लागवड केली, रस्त्यासाठी डोंगर कापला, चिरेखाणीची माती उघड्यावर टाकली की पहिल्याच मृगाच्या पावसात बारीक, लाल माती खाली येते. ती खाडीच्या संथ पाण्यात बसते, शिंपल्यांना गुदमरवते, भरतीओहोटीबरोबर पुढे समुद्रात जाते. भरड वाळू मात्र पात्राच्या तळाने सावकाश सरकत असते आणि तिला वाटेतच उपसण्यासाठी गिऱ्हाईक उभे असते. खोऱ्याने जे पाठवू नये ते वाढले आणि जे पाठवावे ते अडले. देवबागच्या धुपेला समुद्राची वाढती पातळी, वादळे, मुखाचे सरकणे अशी इतरही कारणे आहेत आणि प्रत्येकाचा वाटा किती, हे मोजल्यावाचून कुणावर दोष ठेवू नये. पण मोजायला तरी हवे.

वाळूच्या बाबतीत कायदा अपुरा आहे असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2012 मध्ये दीपक कुमार खटल्यात लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक ठरवली. केंद्र सरकारने 2016 साली जिल्हा सर्वेक्षण अहवालाची आणि 2020 साली देखरेखीची मार्गदर्शक तत्त्वे दिली. पात्रात दरवर्षी नवी वाळू किती येते, हे पाहूनच उपसा ठरवायचा, असा त्यांचा गाभा आहे. त्या हिशेबात पारंपरिक हातपाटीने बुडी मारून वाळू काढणारा आणि रात्री यांत्रिक पंप लावणारा यांना एकाच तराजूत तोलता येणार नाही. हातपाटीचा श्वास संपला की उपसा थांबतो, पंपाला मात्र श्वासच नसतो.

खाडीच्या मुखाशी आणखी एक गोष्ट दिसते, तीही वरच्या खोऱ्याशी जोडलेली. मालवणचा समुद्र हे 13 एप्रिल 1987 पासून घोषित सागरी अभयारण्य आहे, क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात प्रवाळ आहे. प्रवाळाला स्वच्छ पाणी आणि सूर्यप्रकाश लागतो, त्याच्यावर मातीची साय बसली की तो मरतो. कुडाळच्या वरच्या अंगाला कापलेला डोंगर आणि मालवणच्या समुद्रातील प्रवाळ यांची फाईल एका टेबलावर कधी येत नाही, एवढेच. वाटेतली कांदळवने ती माती गाळून घेतात. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 साली आणि पुन्हा 2018 साली त्यांना संरक्षण दिले, 2012 पासून राज्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष काम करतो. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या महिला पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवून चार पैसे मिळवतात. राखले तर उत्पन्न मिळते, हे त्यांनी करून दाखवले आहे.

देवबाग-तारकर्लीच्या पट्टीखालचे गोडे पाणीही समजून घेण्यासारखे आहे. वाळूत मुरलेले पावसाचे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके, म्हणून ते त्याच्यावर तरंगत राहते. समुद्रपातळीच्या वर ते जेवढे उभे असेल, त्याच्या सुमारे चाळीस पट ते खाली असते. अर्थात वरून हातभर उपसले की खालचा खारेपणा चाळीस हात वर चढू पाहतो. दहा खोल्यांची निवासव्यवस्था, प्रत्येक खोलीला स्नानगृह, आणि शेजारीच वाळूत शोषखड्डा. विहीर आणि शोषखड्डा यांच्यामध्ये वाळूच असेल तर काय होणार, हे सांगायला अभियंता लागत नाही. सिंधुदुर्ग 1997 पासून पर्यटन जिल्हा आहे. पर्यटनाला विरोध करण्याचे कारण नाही, गावच्या तरुणाला त्याने मुंबईची वाट सोडायला लावली आहे. पण या पट्टीवर किती खोल्या पेलतील, ही संख्या पाण्याने ठरवली पाहिजे.

आधी पाणी पाहणे ही या मातीची जुनी शिस्त आहे. 25 नोव्हेंबर 1664 रोजी छत्रपती शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. चहूकडे खारा समुद्र आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड बांधण्यापूर्वी पाण्याची खात्री करण्याविषयी बजावले आहे, आणि आंबा-फणसासारखी झाडे रयतेच्या संमतीवाचून तोडू नयेत असेही. दुसरे उदाहरण त्याहून जुने आणि थेट कर्लीच्या खोऱ्यातले. धामापूरचा तलाव 1530 साली नागेश देसाई यांनी ग्रामस्थांच्या साहाय्याने बांधला. दोन टेकड्यांच्या मध्ये सुमारे 271 मीटर लांबीचा आणि 11 मीटर उंचीचा मातीचा बांध, काठावर भगवतीचे देऊळ, भोवती दाट झाडी. जवळपास पाचशे वर्षे तो उभा आहे. 2020 साली आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान दिला. तो टिकला याचे श्रेय बांधाइतकेच भोवतालच्या झाडीला आहे. देवीच्या धाकाने म्हणा, गावरहाटीच्या नियमाने म्हणा, वरची झाडी राहिली, म्हणून तळे मातीने भरले नाही. पाणलोट क्षेत्राचे नियोजन म्हणजे काय, असे कुणी विचारले तर त्याला धामापूरला न्यावे.

मग आजचे नियोजन अडते कुठे? कर्लीवर खाती अनेक आहेत. वन खाते वर, मृद व जलसंधारण मध्ये, वाळू महसूलकडे, खाडीचे बंधारे 1979 च्या कायद्याने खारभूमीकडे, बंदर सागरी मंडळाकडे, मासे मत्स्य विभागाकडे. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने राज्याचा जल आराखडा नदीखोऱ्यांनुसार करण्याचे तत्त्व स्वीकारले. पण पश्चिमवाहिनी नद्यांचे ‘खोरे’ म्हणजे पालघरपासून दोडामार्गापर्यंतचे अख्खे कोकण! त्या आराखड्यात पन्नास किलोमीटरच्या कर्लीला जागा ती किती मिळणार? नदीकाठच्या उद्योगांवर निर्बंध घालणारे नदी नियंत्रण क्षेत्र धोरण होते, तेही 2015 मध्ये रद्द झाले. पश्चिम घाटासाठी माधव गाडगीळ समितीने 2011 साली अहवाल दिला, तेव्हा याच जिल्ह्यातील 25 गावांच्या ग्रामसभांनी आपले क्षेत्र संवेदनशील घोषित करा, असे ठराव केल्याची नोंद त्यात आहे. कोकणी माणसाला पर्यावरण नको आहे असा जो समज मुंबईत पसरवला जातो, त्याला हे ठराव पुरेसे उत्तर आहे.

म्हणून आराखडा लहान खोऱ्याचा हवा आणि खालून वर बांधलेला हवा. एका व्हाळाची गावे एकत्र बसली, झरे, सडे, राया, बंधारे, खाणी, सांडपाण्याचे नाले त्यांनी नकाशावर उतरवले, आणि अशा वीस-पंचवीस व्हाळांचे नकाशे जोडून जिल्हाधिकाऱ्यांसमोर ठेवले, तर सर्व खात्यांना एका टेबलावर बसणे भाग पडेल. हे काम फार खर्चाचे नाही. पावसाळा संपताच वनराई बंधारे श्रमदानाने घालण्याची सवय या जिल्ह्याला आहेच. बंधाऱ्याच्या पाण्यावर वायंगणी भात आणि भाजीपाला होतो, चढणीच्या माशांचे डोह टिकतात. फक्त बंधारा कुठे घालायचा हे उद्दिष्टाच्या आकड्याऐवजी व्हाळ पाहून ठरवायचे.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि तिचा संबंध मुंबई-पुण्यात राहणाऱ्या कोकणी कुटुंबांशी आहे. सिंधुदुर्गातील डोंगर बहुतांशी खाजगी मालकीचे, आणि मालकी सामायिक. एका सातबाऱ्यावर चाळीस-पन्नास नावे, निम्मी डोंबिवली-परळात, काही स्वर्गवासी. झरा राखण्यासाठी सड्याचा तुकडा मोकळा ठेवायचा म्हटले तर संमती कुणाची घ्यायची? उलट, चार हिस्सेदार एकत्र येऊन झाडी किंवा चिरा विकून टाकतात आणि बाकीच्यांना ते गणपतीला गावी गेल्यावर कळते. गावात राहिलेल्या म्हाताऱ्या काकांना दोष देणे सोपे आहे, पण त्यांच्या हाती कागद नाही आणि शहरातल्या पुतण्यांच्या हाती वेळ नाही.

ग्रामसभा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर अशा दिवशी भरतात. चाकरमानी गावात असतो तो गणेश चतुर्थीला आणि शिमग्याला. कर्लीच्या खोऱ्यातील ग्रामपंचायतींनी पाण्याच्या विषयासाठी एक विशेष ग्रामसभा चतुर्थीच्या पाच दिवसांत घ्यावी. त्या दिवसांत व्हाळ वाहत असतो, लाल पाणी कुठल्या डोंगरावरून येते ते डोळ्यांना दिसते, आणि सातबाऱ्यावरची बहुतेक नावे मांडवात हजर असतात. आरती झाल्यावर तासभर बसून संमतीपत्रे लिहिता येतील.